चौऱ्याऐंशी साड्यांचा लिलाव

त्या चार आठवड्यांत मी आमच्या स्वयंपाकघरातलं प्रत्येक भांडं निदान तीनदा विकलं. पितळेचा हंडा, कढीचं पातेलं, कॉफीचे पेले, विळी, पुरणयंत्र, एक कान तुटलेली कढई. घेणारी एकटी आई. ती चुलीपुढे पाटावर बसून आंबट भाजीला फोडणी देत असायची आणि हातातल्या झाऱ्यानं बोली लावायची. झारा वर गेला की पाच रुपये चढले. मी दारात उभी राहून आकडा म्हणायचा, पुढचा आकडा मागायचा, आणि झारा तिसऱ्यांदा हलला नाही की विक्री पक्की करायची. कधी कधी झारा वर जायचा तो नुसता भाजी ढवळण्यासाठी. मी बोली धरली की आई म्हणायची, "तें बोलीचें नव्हे गो, मीठ घातलें." मामा ओसरीवरून ओरडायचे, "हात हलला म्हणजे बोली झाली! घे, कढई तुझी!" आमचीच कढई आम्ही एकदा एकशे दहा रुपयांना घेतली होती. बाजारात नवी साठ रुपयांना मिळत होती.

आमचं घर कुंभकोणम्‌मध्ये, तळ्यापासून तिसऱ्या गल्लीत. घरात बोलायची ती मराठी तीनशे वर्षांपूर्वी तंजावरच्या दरबारामागून आलेल्या माणसांची. उंबऱ्याबाहेर पाय पडला की तमिळ. माझी सून पुण्याची आहे. ती हे लिखाण वाचते आणि आई-मामांची वाक्यं तशीच राहू द्या म्हणते, कारण तिला ती जुन्या बखरीतल्यासारखी वाटतात. आम्हाला ती घरातल्यासारखी वाटायची, एवढंच.

मामा आईचे थोरले भाऊ. त्यांचा एक हुद्दा होता, जो कुठल्या कागदावर नव्हता. पट्टीश्वरम्‌च्या पुढे थोड्या अंतरावर देवीचं एक देऊळ आहे, नाव लिहीत नाही. भाविक देवीला साड्या वाहतात. त्या देवीला एकदा नेसवल्या की साठत जातात, आणि मग त्यांचा लिलाव होतो. तमिळमध्ये लिलावाला एलम् म्हणतात. ते एलम् मामा पुकारायचे, त्यांच्या आधी त्यांचे वडील पुकारायचे. म्हणून सगळ्या पंचक्रोशीत ते 'एलम् राव'. बसचा कंडक्टरही त्यांना याच नावानं हाक मारायचा. मामांचं मूळ वेड भजनाचं. गोविंदपुरम्‌ला उत्सवात सलग तीन रात्री गाऊनही त्यांचा आवाज बसत नसे. तोच आवाज ते लिलावात लावायचे. "ओरु तरम्" म्हणजे एक वार, हे ते असं म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावं आता अभंग सुरू होणार. "रेण्डु तरम्" वर एक हरकत घेत. "मूणु तरम्" ला, म्हणजे तिसऱ्या वाराला, समेवर येत. माणसं साडी घ्यायला येत की मामांना ऐकायला, हे सांगणं अवघड होतं.

अडचण एकच होती, आणि ती मी पहिल्यांदा मोजली. मामांना एका साडीला चार मिनिटं लागत.

त्या वर्षी आडी, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमाराचा तमिळ महिना, लागण्याआधी देवळाच्या धर्मकर्त्यांनी मामांना बोलावून घेतलं. धर्मकर्ते म्हणजे देवळाचा कारभार बघणारे. वयस्कर, सभ्य, कमी बोलणारे गृहस्थ. मामा परत आले तेव्हा चपला न काढताच ओसरीवर बसले. आईनं पाणी दिलं, ते तसंच ठेवलं. मग सांगितलं ते असं: गेल्या वर्षी एलम् कधीच वेळेवर संपलं नाही. सांजेची घंटा झाली की दीपाराधना सुरू होते, तेव्हा पुकारणं थांबवावं लागतं, आणि उरलेल्या साड्या पडून राहतात. सुती साड्यांची तर पाळीच येत नाही. त्यांचा गठ्ठा बांधून मुरुगेसन नावाचा कापडव्यापारी पाच हजारांत घेऊन जातो. आता तो म्हणतो, सुतीच कशाला, रेशमीसुद्धा वर्षाच्या बोलीवर मलाच एकरकमी द्या, पुकारायची कटकटच नको. धर्मकर्त्यांनी मामांना एक संधी दिली होती. आडीच्या शेवटच्या शुक्रवारी, चार वाजल्यापासून सहाच्या घंटेपर्यंत, रेशमी आणि सुती दोन्ही ढीग सुटे विकून संपले पाहिजेत, आणि सुती साड्यांचे मुरुगेसनच्या पाच हजारांपेक्षा जास्त आले पाहिजेत. नाही जमलं, तर पुढच्या वर्षापासून एलम् बंद.

"किती साड्या?" मी विचारलं.

"रेशमी बत्तीस. सुती चौऱ्याऐंशी."

मी मनात गुणाकार केला. एकशे सोळा साड्या, प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे सात तास चव्वेचाळीस मिनिटं. हातात दोन तास. मी तो आकडा बोलून दाखवला. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बोललेच नसते तर बरं, असं मला वाटलं.

"दोन पुकारणारे पाहिजेत," आई म्हणाली. "रेशमी तूं घे अण्णा. सुतीला हिला घे."

"हिला? हिचा आवाज परसांतल्या विहिरीपर्यंत पोचत नाहीं."

"आवाज तूं शिकव. आकडे हिला येतात. निजली तरी मोजते ही."

मी तेव्हा गणित घेऊन बी.एस्सी. झाले होते, वीस वर्षांची होते आणि घरी बसले होते. वर्गात प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून बाकावरून पुढे सरकवायची माझी सवय. चारचौघांत मोठ्यानं बोलायचं म्हटलं की मी मागच्या रांगेत सरकायचे. पण सात तास चव्वेचाळीस मिनिटं हा आकडा मी काढला होता, त्यामुळे नाही म्हणायला मला तोंड उरलं नाही.

शिकवणी दुसऱ्या दिवशी पहाटेच गच्चीवर सुरू झाली. गच्चीवर एका बाजूला आईनं वाळत घातलेल्या सांडग्यांची चादर, दुसऱ्या बाजूला मी, आणि मध्ये खुर्चीवर मामा, हातात छत्री. कावळे हाकलायला आणि मला थांबवायला तीच. पहिला आठवडा एकही साडी नाही, एकही बोली नाही. फक्त पाढा: पाच, दहा, पंधरा, वीस, दोनशेपर्यंत चढायचं आणि दोनशेपासून पाचपर्यंत उतरायचं, तमिळमध्ये, एका लयीत. श्वास फक्त शंभरावर घ्यायचा. मामा म्हणायचे, "चढतांना सगळ्यांस येतें. उतरतांना चुकतो तो पुकारणारा नव्हे." पाचांचे झाले की एकेकाचे. आणि तिथे मी आपटले.

ही चूक आमच्याच माणसांची आहे, दुसऱ्या कुणाची होणार नाही. मी मनात मराठीत मोजायचे. मराठीत आपण सत्तेचाळीस म्हणतो, म्हणजे सात आधी आणि चाळीस मागून. तमिळमध्ये आधी चाळीस, मग सात. घाईत माझी जीभ मनातला क्रम तसाच तमिळमध्ये उतरवायची, आणि सत्तेचाळीसचे चौऱ्याहत्तर व्हायचे. छत्तीसचे त्रेसष्ट. एकदा मामांनी खोटं गिऱ्हाईक होऊन अठ्ठावीसची बोली दिली आणि मी ती ब्याऐंशी म्हणून पक्की केली. मामा छत्रीवर हनुवटी टेकून म्हणाले, "आपल्या वाडवडिलांनीं असेंच राज्य घालवलें असेल." मी मात्र त्याच दुपारी वहीत सगळ्या चुका मांडल्या आणि पाहिलं की प्रत्येक चुकीतला फरक नवाच्या पटीत येतो. सत्तावीस, सत्तावीस, चोपन्न. मला इतका आनंद झाला की मी खाली धावत जाऊन आईला सांगितलं. आई डांगर पचडीसाठी ताक घुसळत होती. ती म्हणाली, "फार छान. पण चूक ती चूकच ना गो?" मग मी साधा उपाय केला. रोज तमिळमध्येच मोजायचं, मनातसुद्धा. जिन्याच्या पायऱ्या, भाकऱ्या, वडाच्या झाडावरच्या वटवाघळांची ओळ, सगळं तमिळमध्ये. दहा दिवसांत जीभ सरळ झाली. आजही मी भाजी घेताना तमिळमध्ये मोजते आणि देवापुढे फुलं वाहताना मराठीत.

आकडे बसल्यावर मामांनी खरी विद्या दिली. मला वाटलं होतं पुकारणं म्हणजे ओरडणं. तसं नाही. पुकारणाऱ्याच्या तोंडात नेहमी दोन आकडे असतात, एक मिळालेला आणि एक मागितलेला. "चाळीस आहेत, पंचेचाळीस कोण?" मिळालेला खाली सोडायचा, मागितलेला वर उचलायचा, आणि दोन्हींच्या मध्ये एक भरीचा शब्द टाकायचा, म्हणजे विचार करायला वेळ मिळतो आणि लय तुटत नाही. मामांचा भरीचा शब्द "अंबाळ् पुडवै", म्हणजे देवीची साडी. तो त्यांनी मला वापरायला दिला. डोळे डावीकडून उजवीकडे फिरवायचे, कुणाला सोडायचं नाही, कुणावर अडकायचंही नाही. साडीला डाग असेल, फाटलेली असेल, तर ते आधी सांगायचं. कमी बोलीला हसायचं नाही. दुसरा वार आणि तिसरा वार यांच्यात एक पूर्ण श्वास जाऊ द्यायचा, कारण गरीब माणूस निर्णय त्या श्वासात घेतो. हे शेवटचं वाक्य मामा दोनदा बोलले.

आवाजासाठी मिऱ्याची पूड आणि तूप घालून गरम भात, रोज सकाळी. शिवाय मामा गल्लीच्या टोकाला जाऊन उभे राहायचे. मी गच्चीवरून आकडा म्हणायचा आणि त्यांना ऐकू आला तर त्यांनी छत्री उघडायची. पहिल्या आठवड्यात छत्री उघडली नाही. तिसऱ्या आठवड्यात ती उघडली, मिटली, उघडली, आणि शेजारच्या अम्माळनं खिडकीतून मला विचारलं, "द्वारका, तुमचं घर विकायला काढलंय का?"

शेवटचा शुक्रवार. दुपारी दोनच्या बसनं आम्ही तिघं निघालो. आईनं दहीभाताचा डबा घेतला होता, तो उघडायला कुणाला सुचलं नाही. देवळाच्या मंडपात दोन मेजं मांडली होती. पुढच्या मेजावर रेशमी साड्या, मायक्रोफोन, खुर्च्या, गावातले जमीनदार आणि तंजावरहून आलेले दोन व्यापारी. मागच्या बाजूला, खांबांच्या पलीकडे, माझं मेज, शेजारी पैसे घ्यायला आई. त्यावर चौऱ्याऐंशी सुती साड्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. माझ्याकडे मायक्रोफोन नव्हता. समोर खाली बसलेल्या बायका दीडशे तरी असतील. मजुरी करणाऱ्या, फुलं विकणाऱ्या, देवळापुढे कापूर-नारळाची दुकानं मांडणाऱ्या. त्यांच्यामागे खांबाला टेकून मुरुगेसन, हाताची घडी घालून. त्याच्या शेजारी त्याची बायको, कपाळाला ठसठशीत कुंकू, मांडीवर पिशवी.

"पाप्पा," मुरुगेसन मला म्हणाला. तिकडे लहान मुलीला असं म्हणतात. "घसा सांभाळ. मी गठ्ठा बांधायला दोर आणलाय." त्यानं खरंच दोर दाखवला. तो लबाड माणूस नव्हता. व्यापारी होता, आणि त्याला जे माहीत होतं ते मला माहीत नव्हतं.

मी वहीत लिहून आणलं होतं: दोन तास, चौऱ्याऐंशी साड्या, एका साडीला पंच्याऐंशी सेकंद. एका साडीला साठ रुपयांची सरासरी धरली की पाच हजारांच्या वर जातं. देवळानं ठरवलेली किमान किंमत पंचवीस. चारला मी पहिली साडी उघडून धरली, हिरवी, तांबड्या काठांची. "पंचवीस, अंबाळ् पुडवै, तीस कोण?" आवाज मागच्या खांबापर्यंत पोचला. मला बरं वाटलं. पुढच्या रांगेतली एक बाई लगेच म्हणाली, "पंचवीस." मी तीस मागितले. कुणी नाही. पुन्हा मागितले. डावीकडून उजवीकडे पाहिलं. कितीतरी बायकांची नजर साडीवर खिळलेली होती, पण तोंड कुणी उघडेना. मामांसारखी मीही वाट पाहिली. एक वार, दोन वार, श्वास, तीन वार. पंचवीसला गेली. दुसरी पंचवीसला. तिसरी पंचवीसला. नववी साडी गेली तेव्हा पस्तीस मिनिटं उलटली होती आणि माझ्याकडे दोनशे पंचवीस रुपये जमले होते. पलीकडून मामांचा आवाज मायक्रोफोनमधून अभंगासारखा येत होता. मुरुगेसन दोराला सावकाश गाठी मारत होता.

नववी साडी निळी होती. पुढच्या रांगेतल्या म्हातारीनं पंचवीस म्हटल्यावर तिच्यामागची तरुण बाई साडीकडे पाहत ओठ चावत होती. मी तिला सरळच विचारलं, "अक्का, तुम्हाला हवी आहे ना? तीस म्हणा की."

ती दचकली. "छे, असं कसं? त्या आजींनी अंबाळच्या साडीला बोल लावला. आता मी चढवायची म्हणजे त्यांच्या कपाळावरचं कुंकू पुसून माझ्या लावायचं."

आजूबाजूच्या बायकांनी माना डोलावल्या. त्या क्षणी मला कळलं. त्या गावात देवीच्या साडीवर एकीनं बोली लावली की दुसरी चढवत नाही. पैसे नव्हते म्हणून नाही. बाहेर हीच साडी मुरुगेसनच्या दुकानात शंभराला मिळायची आणि त्या ती शंभराला घ्यायच्या. फक्त एकमेकींच्या हातातून ओढायची नव्हती. मामांचं मेज पुरुषांचं, तिथे चढाओढीतच मजा होती. त्यामुळे हे मामांना कधी दिसलं नव्हतं. मुरुगेसनला मात्र दिसलं होतं.

मी ती निळी साडी पंचवीसला आजींना दिली आणि पुढची उघडायची थांबले. मंडपात कुजबुज झाली. मी एवढाच विचार करत होते: दुसरी चढवत नाही, तर पहिली बोलीच शेवटची असली पाहिजे. आणि पहिली बोलीच शेवटची असायची असेल, तर वरून खाली यायला हवं.

मी दहावी साडी उघडली. पिवळी, बारीक चौकड्यांची, पदराजवळ कुंकवाचा डाग. डाग सगळ्यांना दाखवला. मग म्हणाले, "आता मी वरून खाली उतरणार. ज्या आकड्याला जिला घ्यावीशी वाटेल, तिनं हात वर करायचा. पहिला हात, साडी तिची. दुसरी कुणी मध्ये यायची नाही, मी येऊच देणार नाही. दीडशे."

"थांब!" मुरुगेसन सरळ उभा राहिला. "हे कसलं एलम्? एलम् चढतं. अय्या, हे बघा!"

धर्मकर्ते आले. मामाही आपलं मेज सोडून आले. "द्वारके, हें काय चालवलें आहेस? वरून खालीं? एलम् काय विहिरींत सोडायचें आहे?"

"मामा, नऊ साड्यांना पस्तीस मिनिटं लागली. चढवून एकही चढली नाही."

"म्हणून उतरवायचें? माझ्या बापानें कधीं आकडा खालीं आणला नाहीं."

मी धर्मकर्त्यांकडे वळले. माझा आवाज आता मीच ऐकत होते आणि तो मला अनोळखी वाटत होता. "अय्या, तुम्ही सांगितलंत की सगळ्यांसमोर पुकारून विकायच्या. आकडा वर न्यायचा की खाली, हे सांगितलं नाहीत. पंचवीसच्या खाली मी जाणार नाही. मुरुगेसन अण्णांनाही हात वर करायची मोकळीक आहे, शंभराला करावा, नव्वदला करावा."

धर्मकर्त्यांनी बायकांकडे पाहिलं. मघाची ती तरुण बाई मान खाली घालून पण स्पष्ट म्हणाली, "अय्या, असं असेल तर आम्हाला घेता येईल." धर्मकर्ते म्हणाले, "घंटा सहाला. त्याआधी काय करायचं ते करा," आणि निघून गेले. मामा आपल्या मेजाकडे परत गेले. त्यांची पाठ मला अजून आठवते.

चार चाळीस झाले होते. उरल्या पंचाहत्तर साड्या, ऐंशी मिनिटं. भागाकार केला: एका साडीला चौसष्ट सेकंद. पाच हजार गाठायला उरले चार हजार सातशे पंचाहत्तर. तोही भागाकार केला: एका साडीला जवळजवळ चौसष्ट रुपये. चौसष्ट आणि चौसष्ट. असा आकडा समोर आला की मला भीती वाटत नाही.

"दीडशे, अंबाळ् पुडवै, एकशे पंचेचाळीस, अंबाळ् पुडवै, एकशे चाळीस." पाच-पाचनं उतरत मी शंभरावर आले आणि श्वास घेतला. मंडपात कुणी हलत नव्हतं. पंच्याण्णव. नव्वद. पंच्याऐंशी. आता बायका साडीकडे बघत नव्हत्या, एकमेकींच्या हातांकडे बघत होत्या. ऐंशी म्हणायला मी तोंड उघडलं आणि मागच्या रांगेतून एक हात असा वर आला की बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. "पंच्याऐंशीला! माझी!" फुलं विकणारी होती. ती उठून पळतच पुढे आली, साडी छातीशी धरली आणि आसपासच्या बायका हसल्या, कुणी तिच्या पाठीवर थाप मारली. कुणाचंही कुंकू कुणी पुसलं नव्हतं.

त्यानंतरचं मला एका दमात आठवतं. अकरावी नव्वदला. बारावी शंभराला, कारण आता त्यांना कळलं होतं की वाट पाहिली तर साडी दुसरीकडे जाते. तेरावी एकशे पाचला. मुरुगेसन अडकला होता. थांबला तर बाई घेऊन जात होती, आणि हात वर केला तर नफा उरत नव्हता. एकदा त्यानं पंचाहत्तरसाठी हात उचलायला घेतला, पण साडी ऐंशीलाच गेली होती. "अण्णा, उशीर झाला," पुढची म्हातारी म्हणाली आणि सगळा मंडप हसला. उतरता पाढा माझ्या तोंडातून आपोआप वाहत होता. मी हात पाहायचे, आकडा थांबवायचे, नाव विचारायचे, पुढची साडी उघडायचे. अठ्ठेचाळीस सेकंद, पन्नास सेकंद, पंचेचाळीस. पन्नासाव्या साडीच्या सुमाराला एक जांभळी साडी एकशे दहावर आली आणि खांबाजवळून हात वर झाला. मुरुगेसनच्या बायकोचा.

"काय करतेस?" मुरुगेसन खेकसला. "घरात अख्खं दुकान आहे!"

"दुकान आहे," ती पिशवीतून पैसे काढत म्हणाली. "पण मागच्या नऊ वर्षांत तुम्ही त्यातली एक तरी मला दिलीत का?"

हे ऐकून खांबांपलीकडच्या खुर्च्यांवरची माणसंसुद्धा वळून पाहू लागली. मुरुगेसननं कपाळाला हात लावला. मग तोही हसला. दोर त्यानं खाली ठेवला.

चौऱ्याऐंशीवी साडी पाच चाळीसला गेली. मेज रिकामं झालं. आईनं पैशांची पिशवी धर्मकर्त्यांच्या कारकुनापुढे उलटी केली आणि त्यानं दोनदा मोजून आकडा सांगितला: सहा हजार सातशे पंच्याऐंशी. पण मी तिकडे बघत नव्हते. मामांच्या मेजावर अजून सात रेशमी साड्या होत्या आणि वीस मिनिटं उरली होती. त्यांच्या चालीनं वीस मिनिटांत पाच. दोन राहणार, आणि दोन राहिल्या तरी अट मोडली.

मामांनाही ते कळलं होतं. त्यांनी एक साडी हातात घेतली, पुन्हा खाली ठेवली, आणि मायक्रोफोनमधूनच, सगळ्यांसमोर, मराठीत म्हणाले, "द्वारके, ये. हें तूं घे."

मी गेले. इथे खाली उतरून चालणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. रेशमाच्या मेजाशी माणसं येतात ती आपला आकडा चारचौघांना ऐकू यावा म्हणून. त्यांना चढच हवा होता, फक्त लवकर. मी मायक्रोफोन बाजूला सारला. शंभर-शंभरनं चढवलं, दोन आकडे तोंडात ठेवले, मिळालेला खाली, मागितलेला वर. जमीनदारांना उसंत मिळेना, आणि उसंत मिळेना म्हणून ते चढत गेले. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाराच्या मधला एक श्वास मात्र मी एकदाही खाल्ला नाही. सातवी साडी, मोरपिशी, जरीच्या काठांची, तंजावरच्या व्यापाऱ्याला गेली तेव्हा मामांनी कनवटीचं घड्याळ काढून पाहिलं. सहाला चार मिनिटं कमी होती.

धर्मकर्ते आले. त्यांनी दोन्ही मेजांवरून हात फिरवला, जसा जेवण झाल्यावर पान उचलून जागा पुसतात तसा. "राव," ते म्हणाले, "पुढच्या वर्षी मागच्या मेजालाही मायक्रोफोन ठेवू."

"तिला नको," मामा म्हणाले. "तिला काय करायचाय?"

एवढंच. परतताना बसमध्ये आम्ही दहीभाताचा डबा उघडला. मामा पहिल्या घासाला म्हणाले, "विहिरींत सोडलें तें चांगलें झालें." आणि मग कुंभकोणम् येईपर्यंत त्यांनी एकामागून एक अशी पाच पदं म्हटली. कंडक्टरनं तिकिटाचे पैसे घेतले नाहीत, पण मी ते उतरताना त्याच्या पिशवीत टाकले.

लग्न होईपर्यंत सहा वर्षं मी ते मेज पुकारलं. पुढे शाळेत गणित शिकवलं, आणि शेवटच्या बाकापर्यंत माझा आवाज पोचत नाही, अशी तक्रार कुणी केली नाही. मामा गेले, त्यांच्या मागून त्यांचा पुतण्या रेशमाचं मेज बघतो.

गेल्या आडीत मी देवळात गेले होते. मागच्या मेजाशी पंचविशीतली एक मुलगी उभी होती, चुडीदार घातलेली, कानात सोन्याची बारीक फुलं. सहाशेपासून उतरत होती, दहा-दहानं, इतकी झरझर की मला श्वास कुठे घेते ते कळेना. तिनं मला ओळखलं नाही, ओळखायचं कारणही नव्हतं. हिरवट निळी साडी होती, मला आवडली. मी ठरवलं की साडेचारशेपर्यंत थांबायचं. हिशोबानं ती तेवढ्याचीच होती. पण चारशे ऐंशी ऐकू आलं तेव्हा शेजारच्या बाईचं कोपर पदराखाली हललं, आणि माझा हात माझ्या आधी वर गेला.